आतून अकरा, सांगायला आठ

२ नोव्हेंबर, रविवार

मोबाइलवर एक बाई सांगते की मनात साचलं असेल ते लिहून काढा, हलकं वाटतं. लिहितो. ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. पुण्याच्या कंपनीने आमचा अख्खा गट एका कॉलवर घरी पाठवला. मी बॅग भरून चिखलीजवळच्या आमच्या गावी, उंद्रीला आलो आणि घरी सांगितलं की आता घरूनच काम आहे.

लिहिलं. हलकं काही वाटलं नाही. उलट ही फाइल महामायाच्या हाती लागली तर, या विचाराने उठून दाराला कडी लावून आलो. महामाया माझी धाकटी बहीण, चिखलीला बी.एस्सी. करते आणि माझी प्रत्येक वस्तू स्वतःची समजते. म्हणून फाइलचं नाव 'मीटिंग नोट्स' ठेवलंय. तिकडे कुत्रंही फिरकणार नाही.

दिनक्रम असा आहे की सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, खाली घरातलीच पॅन्ट, समोरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि मधून मधून 'येस, शुअर, राइट' म्हणायचं. पलीकडे कोणी नसतं. तरी दोनदा मी 'सॉरी, यू गो अहेड' असंही म्हटलंय. आज रविवार आहे हे विसरून बसलो होतो. बाहेर बाबा शेजारच्या तानाबाईला सांगत होते, "हळू बोल व माय, पोराची मीटिंग सुरू हाये. रयवारी बी राह्यते. मोठ्या कंपनीत असंच असते."

बाबा जन्मभर एसटीत कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस आपण नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचो, असं ते अजून सांगतात. मी तीन महिने त्यांच्या समोर बसून जेवतोय, त्यांना काही पत्ता नाही. वय झालं आता त्यांचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीचा मेल आला की लॅपटॉप परत पाठवा. तीन महिन्यांनी आठवण झाली त्यांना. खोक्यात लॅपटॉप भरला, चार्जर भरला, माउस भरला, गळ्यात घालायचं ओळखपत्र पट्ट्यासकट भरलं. बाबांना म्हटलं, लॅपटॉप दुरुस्तीला पाठवायचाय. ते चिखलीला जाणारच होते. म्हणाले, "दे इकडं. नीट बांधून देतो, गाडीत आपटाआपटी होते." खोकं पुन्हा उघडून, आत जुनं धोतर कोंबून, सुतळीने असं आवळलं की आता ते खोकं थेट विदर्भाबाहेर जाऊनच उघडेल.

संध्याकाळी परत आले ते चपलाही न काढता ओट्यावर बसून राहिले. उन्हात फिरल्याने थकवा आला असेल. जेवताना एवढंच विचारलं, "वापस येईन का थो?"

"वेळ लागेल, बाबा."

"लागू दे," म्हणाले. "तू जेव."

आता कॉलेजातला जुना लॅपटॉप काढलाय. त्याचं एक बिजागर गेलंय, त्यामुळे पडदा मागे पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवावा लागतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नुसतं 'येस, शुअर' म्हणून दिवस जात नाही. म्हणून आता खरंच काम धरलंय. पगार नाही, पण खरं आहे.

जगात काही प्रोग्राम असे असतात की ते अनेक देशांतली माणसं फुकट, हौसेने लिहितात आणि सगळ्यांसाठी उघडे ठेवतात. ज्याला जमेल त्याने दुरुस्ती सुचवायची. त्यातला एक अगदी छोटा मी धरलाय. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, मी त्याला 'वळखपाळख' म्हणतो. काम काय, तर आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस बूड टेकायच्या आत विचारतो ना, 'कोन्या गावचे? कोनाचे?' तेच. ज्या कॉम्प्युटरवर जाईल त्याला हा विचारतो, तू विंडोज का लिनक्स का मॅक, आणि कितवा? उत्तराची एक ओळ लिहून ठेवतो. मोठे प्रोग्राम कुठे बंद पडले की आधी ही ओळ बघतात, कारण मशीन कोणतं हेच माहीत नसेल तर औषध काय देणार?

त्यात एक घोळ सापडलाय. ब्राझीलच्या एका माणसाची तक्रार आहे की त्याच्याकडे विंडोज अकरा आहे आणि वळखपाळख सांगते आठ. मी खोदून बघितलं, तर गंमत निघाली. चूक विचारणाऱ्याची नाही. मशीनच मुद्दाम खोटं सांगतं! जुना प्रोग्राम विचारायला आला की ते म्हणतं, आठ. का? तर अकरा ऐकून तो म्हातारा प्रोग्राम बिथरेल, बंद पडेल, म्हणून त्याला झेपेल तेवढंच सांगायचं. मॅकमध्येही अशीच तऱ्हा असते म्हणे. आतून अकरा, सांगायला आठ. इतकी खोटारडी यंत्रं जगात चालतात याचं मला खूप आश्चर्य वाटलं.

उपायही सोपा निघाला. विचारणाऱ्या प्रोग्रामला एक चिठ्ठी जोडायची की मला नवीन माहीत आहे, मला खरं सांगा. चिठ्ठी दिसली की मशीन निमूट खरं सांगतं. दुरुस्ती लिहून पाठवली. खाली विचारलं होतं की तिन्ही प्रकारच्या मशीनवर चालवून बघितलं का, तीन चौकोन होते. मी तिन्हींवर खूण केली. माझ्याकडे तांब्याला टेकलेलं एक लिनक्स आहे फक्त.

८ नोव्हेंबर, शनिवार

या प्रोग्रामची राखण करणारी इन्ग्रिड म्हणून नॉर्वेची बाई आहे. तिचं उत्तर आलं की काम छान झालंय, आता तिन्ही मशीनची एक एक ओळ चिकटवा म्हणजे स्वीकारते. मेलो. सफरचंदाच्या खुणेचा तो महागडा मॅक कुठून आणू? उंद्रीत लोक सफरचंदही आजारी पडल्यावरच आणतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रसेनजित आला होता. विहाराच्या वाचनालयाचं सगळं तोच बघतो, शाळेत माझ्या पुढे दोन वर्षं होता. वाचनालयाला कोणीतरी दोन नवे कॉम्प्युटर दिलेत. २३ तारखेला, रविवारी उद्घाटन आहे, आणि त्यात गावातून शिकून पुढे गेलेल्या पोराचा सत्कार. कोणाचा? माझा. शाल, पुस्तक आणि पोरांना चार शब्द.

मी म्हटलं, "अरे, मी कशाला?"

"मंग कोन? तूच त एक गेला पुण्याले कंपनीत."

आई चहा घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली. बाबा म्हणाले, "पाहू. त्याले सवड पाह्यजे." मला वाटलं होतं बाबा उडी मारतील आनंदाने. पण मीच हो म्हणून बसलो. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर शालीचं नाव काढल्यावर जरा बरंही वाटलं. किती हलकट आहे मी.

आता हिशेब साधा आहे. २३ च्या आत कुठेही नोकरी लागली तर खोटं आपोआप खरं होईल. नाही लागली तर मी विहारात, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, पोरांना तोंडावर खोटं सांगणार. इन्ग्रिडने दुरुस्ती स्वीकारली तर निदान मुलाखतीत दाखवायला काही होईल. म्हणजे माझी इभ्रत सध्या एका मॅकवर अडकलीय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हैदराबादच्या कंपनीची मुलाखत होती, व्हिडिओवर. नेटवर्क फक्त गच्चीवर येतं. घरात म्हटलं, महत्त्वाची मीटिंग आहे. बाबांनी खुर्ची वर नेऊन दिली, सोयाबीन वाळत घातलं होतं ते बाजूला सारलं, आणि जिन्यात काठी घेऊन बसले. माकडं येतात म्हणे. मी वर चढताना त्यांनी माझी कॉलर सरळ केली. "घाबरू नको. येते तेवढं सांग," म्हणाले.

रोजच्या मीटिंगला कोणी असं म्हणतं का? साधा माणूस आहे बिचारा.

मुलाखत चांगली चालली होती. शेवटी त्यांनी विचारलं, सध्या कुठे आहात? मी म्हटलं, गच्चीवर. त्यांना कोणत्या कंपनीत असं विचारायचं होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हैदराबादचा नकार. आईने आज माझ्या आवडीची वांग्याची भाजी केली, कारण नसताना. आणि गेल्या महिन्यापर्यंत मामाचा फोन आला की ती विचारायची, "बाबू, तुह्या कंपनीत मामाच्या किरणचं जमन का?" आज मामाचा फोन आला तर म्हणाली, "त्याले नको त्रास देऊ, लय काम असते त्याले." किती विश्वास ठेवतात ही माणसं. लाज वाटते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मॅक सापडला! महामायानेच सांगितलं. "दादा, चिखलीत पंजाबभाऊच्या स्टुडिओत हाये ना. लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करतात थे." जीपने गेलो. काळीपिवळीत समोर बसलेल्या माणसाने विचारलं, कोन्या गावचे? म्हटलं उंद्री. कोनाचे? म्हटलं गुलाबराव कंडक्टरचा. "हाव का! म्हंजे थो पुण्याहून वापस आलेला?" मी म्हटलं, वापस नाही, घरून काम आहे. तो म्हणाला, "हाव हाव," आणि खिडकीबाहेर कपाशी बघत बसला.

पंजाबराव म्हणजे अंगापिंडाने मोठा, दिलदार माणूस. स्टुडिओत लग्नसराईची झुंबड. काउंटरवरच तो मॅक, पांढरा, सफरचंदाचं तोंड गिऱ्हाइकाकडे. मी हात जोडून प्रोग्राम चालवला. ओळ आली. विंडोज.

पुन्हा चालवला. विंडोज.

"भाऊ, हा मॅक आहे ना?"

"वरून हाये. आत विंडोज टाकली. मिक्सिंगचं सगळं विंडोजवर चालते बाप्पा. पन सफरचंद दिसलं का गिऱ्हाइकाले वाटते, काम भारी असीन."

मी डोकं धरून बसलो. मशीन खोटं, माणूस खोटा, आता खोकंही खोटं. पण आत कोपऱ्यात मूळचा मॅक अजून जिवंत होता, कधी कोणी चालू केला नव्हता. एक बटण दाबून धरलं, यंत्र बंद करून सुरू केलं, आणि पंधरा मिनिटं जांभया देऊन तो एकदाचा जागा झाला. जुन्या पद्धतीने विचारलं तर दहा म्हणाला. चिठ्ठी जोडून विचारलं, तर अकरा. मी ओरडलोच, "अकरा! भाऊ, अकरा आला!" एका नवऱ्या मुलाच्या बापाने दचकून हातातला अल्बम टाकला.

निघताना पंजाबराव म्हणाला, "मांगच्या हप्त्यात तुह्ये बाबा बसून गेले इथं. इचारत होते, कॉम्प्युटरवर बसाले पोरगा पाह्यजे का म्हून. हुशार हाये म्हने, सध्या घरीच हाये. मी म्हनलं, पाठवा, सीझन हाये."

बाबांना ही सवयच आहे. गावात कोणाचा पोरगा रिकामा दिसला की लगेच शब्द टाकत फिरतात. कोणाचा असेल? विचारायला पाहिजे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विंडोजची ओळ वाचनालयाच्या नव्या कॉम्प्युटरवरून काढली. चिठ्ठीशिवाय आठ, चिठ्ठीसकट अकरा. तिन्ही ओळी इन्ग्रिडला चिकटवल्या. त्या तीन खुणा आता तरी खऱ्या झाल्या.

चौकात फ्लेक्स लागलाय. माझा फोटो, बारावीतला, मिशी नसलेला. खाली 'अश्वजित गुलाबराव इंगळे, उंद्री' एवढंच. कंपनीचं नाव नाही, पुणे नाही, अभियंतासुद्धा नाही! मी प्रसेनजितवर चिडलो. तो म्हणाला, "मजकूर तुह्या बाबानंच देल्ला. म्हने, नाव टाका फक्त, बाकी लांबड नको."

घरी येऊन फुरंगटून बसलो. म्हणजे बघा, जे माझ्याकडे नाही ते फ्लेक्सवर नाही म्हणून मी रुसलो. आई म्हणाली, "नाव चांगलं मोठं आलं बापा." मी जेवलो नाही. मग भूक लागली म्हणून जेवलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या. आज बाबांना सांगायचं ठरवलं होतं. सकाळी ते हरभऱ्याला पाणी द्यायला गेले होते. दुपारी झोपले होते. संध्याकाळी सायकलची चेन बसवत होते, मी जवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "बाबा."

ते लगेच थांबले, हात पुसले, माझ्याकडे बघितलं. "बोल."

मी म्हटलं, "चेनला तेल पाहिजे."

"हाव," म्हणाले, आणि जरा वेळाने पुन्हा चेनला लागले. भेकड, भेकड, भेकड.

२३ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो, नाहीतर उद्या मीच त्यात रंग भरीन.

विहार भरलेलं. पहिल्या रांगेत पोरं, मागे बाया, पुरुष. वंदना झाली. प्रसेनजितने शाल घातली, पुस्तक दिलं. टाळ्या. चार शब्द बोलायला उठलो आणि पुण्याबद्दल बोलायच्या भीतीने सरळ कॉम्प्युटरकडे वळलो. म्हटलं, मी एक छोटा प्रोग्राम दुरुस्त केलाय तो दाखवतो. आधी दुरुस्तीच्या अगोदरचा चालवला. पडद्यावर ओळ आली: विंडोज आठ.

"पण हे मशीन अकरा नंबरचं आहे," मी म्हटलं. "ते खोटं सांगतंय."

तानाबाई मागून म्हणाली, "काऊन बा? त्याले कायचं भेव?"

मी समजावलं. विचारणारा प्रोग्राम जुना आहे. मशीनला वाटतं, खरं सांगितलं तर याला झेपणार नाही, हा खचेल. म्हणून त्याला सोसेल असं सांगतं. वाईट हेतू नसतो, जीव असतो म्हणूनच सांगतं. हे बोलता बोलता मी मशीनकडे बघायचं सोडून बाबांकडे का बघायला लागलो ते मलाच कळेना.

बाबा दुसऱ्या रांगेत होते. उभे राहिले. मागच्या दारापर्यंत पोचणारा कंडक्टरचा आवाज आहे त्यांचा. "मंग मले एक सांग. त्या जुन्यानं खरं आयकाचं म्हनलं त काय करा लागते?"

"चिठ्ठी लावावी लागते, बाबा. की मला नवीन समजतं, मला खरं सांगा."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग समज लावली," बाबा म्हणाले आणि आपल्या कपाळावर तळहात ठेवला, चिठ्ठी चिकटवल्यासारखा. "हे पाह्य. आता सांग."

मला काही दिसेना, डोळे भरून आले होते. माइक हातात होता तो तसाच तोंडाशी धरून मी म्हटलं, "बाबा, माझी नोकरी ऑगस्टमध्येच गेली. मी पुण्याच्या कंपनीत नाही. मीटिंग वगैरे काही नसते. मी रिकामा आहे."

कोणी दचकलं नाही. कोणी 'अरे बापरे' म्हटलं नाही. पोरं माझ्याकडे बघत होती, बाया पदर सावरत होत्या. आई डोळे पुसत होती, पण तिच्या तोंडावर हसू होतं. शेवटी तानाबाई वैतागून म्हणाली, "थे त समद्या गावाले माहीत हाये बाप्पा. तू थे मशीनचं सांग ना पुढं."

मग मी चिठ्ठी जोडून पुन्हा विचारलं. पडद्यावर अकरा आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शालीच्या वेळेपेक्षा जास्त.

२४ नोव्हेंबर, सोमवार

इन्ग्रिडने दुरुस्ती स्वीकारली. मदत करणाऱ्यांच्या नावांत माझं नाव आलं, तेही फ्लेक्ससारखं, नुसतं नाव. यावेळी रुसलो नाही.

उद्यापासून पंजाबभाऊच्या स्टुडिओत सकाळी बसणार आहे, दुसरं काही लागेपर्यंत. तो रिकामा पोरगा कोण, हे मला काल रात्री अंथरुणात कळलं. जाग आली आणि उठूनच बसलो. महामायाला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिने सप्टेंबरमध्येच माझ्या लॅपटॉपवर मीटिंगच्या नोट्स शोधल्या होत्या म्हणे, एकही सापडली नाही, तेव्हाच तिला कळलं की मीटिंगच नसते. म्हणजे 'मीटिंग नोट्स' तीच आधी उघडणार, या डायरीचं नाव बदलावं लागेल.

दुपारी बाबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"खोकं बांधताना. दुरुस्तीले लॅपटॉप जाते, चार्जर जाते, समजलं. गयातला पट्टा कायच्या दुरुस्तीले जाते रे?"

मला हसू आलं आणि रडूही. एवढे दिवस हा माणूस जिन्यात काठी घेऊन बसला, गल्ली गप्प करत राहिला, चिखलीत माझ्यासाठी शब्द टाकून आला. मी त्याला जुना समजत होतो.

"मग तेव्हाच विचारलं का नाही, बाबा?"

"इचारनारच होतो," बाबा म्हणाले. "दोनदा आलो होतो दारापावेतो. पन तू मीटिंगमंदी होता."